मेणाची नळी

दसरा झाला की आमच्याकडं ऊन पुन्हा एकदा तापतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि दुपारी दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसतो. याच पंधरा-वीस दिवसांत दौलताबादकडची सीताफळं शहरात उतरतात. मिटमिट्याच्या रस्त्याला बाया पाट्या मांडून बसतात, शहागंजात हातगाड्या लागतात, आणि पिकत घातलेल्या फळांचा तो जड, गोडसर, थोडा मातकट वास पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतही येतो. लोक या वासाची वर्षभर वाट बघतात. मला तो आला की दुकानाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून बसावंसं वाटतं.

मी सीताफळ खात नाही. साखरेचं निमित्त सांगतो. माझी बायको सुमन लासूर स्टेशनची, तिला आडपडदा ठाऊक नाही. एकदा पाहुण्यांच्या देखत तिनं विचारलं, "तुमची शुगर काय फक्त सीताफळातच वाढती व्हय? जिलबी तर लई आवडीनं खाता." सगळे हसले. मीही हसलो. हसून विषय मोडायचा, ही सवय मला तेव्हापासूनच लागली आहे.

गेली आठ-दहा वर्षं या दिवसांत आमच्या घरी सीताफळांची एक करंडी यायची. वरती कडुलिंबाचा पाला, खाली गवत, मध्ये मोठाली फळं. ती आमच्यासाठी निघालेली नसायची. दुसऱ्याच्या दारातून परत फिरवलेली ती करंडी रिक्षावाला माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात आणून ठेवायचा. यंदा ती आली नाही. दिवाळी तोंडावर आली तरी नाही. सुमन म्हणाली, "बरं झालं, निम्मी फळं तर सडूनच जातात." आणि मला त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघवेना. हे लिहायला बसलो ते त्यामुळं. जे सांगायचं आहे ते मी सुमनलाही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर तिला ते इथंच कळेल.

माझं काम दुरुस्तीचं. शिलाईची मशीनं, भिंतीवरची घड्याळं, आणि कुणाच्या माळ्यावरून निघालेच तर चावीचे ग्रामोफोन. ग्रामोफोनचं काम मी जुन्या बाजारातल्या एका उस्तादांकडं शिकलो. त्यांचे दोन नियम होते. एक, सुई टोकदार पाहिजे. बोथट सुई आवाज खाते आणि तबकडीही खाते. दोन, मशीन दुरुस्त झालं की आधी आपल्याकडची मोडकी तबकडी लावून बघायची, मालकाची नंतर. पहिला नियम माझ्या बोटांत इतका मुरला होता की त्यानंच घात केला. दुसरा मी जाणूनबुजून मोडला.

ती करंडी आमच्याकडं पहिल्यांदा आली त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक रिक्षा दुकानासमोर थांबली आणि तीतून ऐंशीला टेकलेल्या एक बाई उतरल्या. पांढरा दुपट्टा, जाड भिंगाचा चष्मा, आणि छातीशी बाळाला धरावं तशी धरलेली लाकडी पेटी. बुढीलेनमध्ये राहणाऱ्या जुबैदा आपा. उर्दू शाळेत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळं अर्ध्या गल्लीच्या त्या आपा आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या मारकुट्या बाई.

"ग्रामोफोनवाले तुम्हीच ना, बेटा?"

मी पेटीचं झाकण उघडलं. असलं मशीन मी तोवर हातात घेतलेलं नव्हतं. तबकडी ठेवायची जागाच नव्हती. आडवा, निमुळता, लाटण्यासारखा रूळ. त्याच्या मागं दोऱ्यासारखे बारीक आटे पाडलेली पोलादी दांडी. बाजूला पितळी कर्णा.

"हा ग्रामोफोन नाही आपा," मी म्हणालो. "हा त्याचा बाप असावा."

"हौ," त्या म्हणाल्या, "माझ्याच बापाचा आहे."

मग त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेली मेणाची नळी होती. चहाच्या ग्लासाएवढी, आतून पोकळ, गुळाच्या रंगाची. उन्हाकडं धरली की तिच्या अंगावर केसाहून बारीक रेषा दिसायच्या. ही नळी त्या रुळावर चढवायची, रूळ फिरतो, वरचं यंत्र रेषेरेषेनं पुढं सरकतं, आणि आवाज निघतो. त्यावर आवाज घरच्या घरी भरताही येत असे. आपांच्या अब्बांनी, निजामाच्या काळात, तेव्हाही जुनं झालेलं हे मशीन हैदराबादच्या एका नातेवाइकाकडून आणलं होतं आणि या एकाच नळीवर आपल्या बायकोचा आवाज भरून ठेवला होता.

"अम्मी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते," आपा म्हणाल्या. "इक्बाल, माझा भाऊ, जन्मला आणि चौथ्या दिवशी ती गेली. त्यानं तर काहीच ऐकलं नाही. अब्बा खोलीचं दार लावून ऐकायचे. मी बाहेर कान लावून बसायची. कळायचं काही नाही, नळाला लांबून पाणी येतं तसा आवाज. मग एक दिवस हे मशीन बंद पडलं. अब्बांनी पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही."

"काय बोलल्यात त्या?"

आपा हसल्या. "तिला काय सुचणार? समोर माणूस नाही, भोंगा. अब्बा म्हणाले, बोल काहीतरी. तर तिनं धोब्याला द्यायचे कपडे मोजले. इतके कुर्ते, इतक्या चादरी. अब्बा हे सांगायचे आणि हसायचे. हसता हसता उठून जायचे."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "एक अट आहे. मशीन चालू कर. नळी लावून बघायची नाही. अम्मी परदा करायची. परक्या माणसानं तिचा आवाज कधी ऐकलेला नाही. धोब्यालासुद्धा ती गाठोडं दाराआडून सरकवायची, तोंडातून शब्द न काढता. तू मशीन घरी आणून दे, नळी मी लावीन. तू बाहेर बस. समजलं?"

"हो आपा," मी म्हणालो.

खरं तर नळी त्यांनी घरीच ठेवायला हवी होती. पण रूळ आणि नळी नीट बसतात की नाही हे बघावं लागेल, असं मीच म्हणालो. तेही खरंच होतं. म्हणून त्या डबा माझ्याकडं ठेवून गेल्या. जाताना डब्यावर तळहात ठेवून दोन क्षण उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगल्या कामाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. स्प्रिंगचा डबा उघडला तर आतलं ग्रीस दगड झालं होतं. गॅसच्या छोट्या शेगडीवर हलकं हलकं तापवून ते मऊ केलं, रॉकेलनं धुतलं. स्प्रिंग टोकाला तुटली होती. तुटका भाग कापून, तापवून, नवं भोक पाडून पुन्हा गुंडाळली; एकदा ती सुटली आणि मनगटावर वळ उठवून गेली. चामड्याचा पट्टा हात लावताच पापडासारखा मोडला. तो मी एका जुन्या चपलेच्या अंगठ्यातून कापून काढला. वेग सांभाळणारे तीन छोटे शिशाचे गोळे असतात, ते एका वजनाचे नव्हते. सोनाराकडच्या काट्यावर तोलून कानस मारली. शेवटी चावी दिली, खटका सोडला, आणि रूळ फिरायला लागला. कुरकुर नाही, धक्का नाही. पाण्यातून बदक जावं तसा. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं, कोपऱ्यावरच्या गाडीवरून सीताफळांचा वास येत होता, आणि मला वाटत होतं, हे या शहरात माझ्याशिवाय कुणालाच जमलं नसतं.

तो विचारच वाईट होता.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आत घरात सुमन मिक्सरवर चटणी वाटत होती. मशीन तयार, नळी समोर. मोडकी नळी माझ्याकडं कुठून असणार? उस्तादांचा नियम पाळायचा तर आपांकडं जाऊन, मशीन न तपासताच, नळी त्यांना लावायला सांगायचं होतं. बाहेर बसायचं होतं. ते मला सहन होईना. बारा दिवस मी मेहनत करायची आणि आवाज निघेल तेव्हा मी पायरीवर. मी स्वतःला सांगितलं की आपांसमोर फजिती नको, म्हणून बघतोय. ते खोटं होतं. मला ऐकायचं होतं. जे कुणाही परक्यानं ऐकलं नाही ते मला पहिल्यांदा ऐकायचं होतं.

पेटीच्या झाकणात मखमलीच्या खाचा होत्या आणि त्यांत दोन गोल पितळी डब्या होत्या. दोन्ही अगदी सारख्या, अभ्रकाचा पडदा लावलेल्या, खाली बारीक काचेचा दाणा. एकीचा दाणा गोल होता, गुळगुळीत. दुसरीचा टोकदार, धारेचा. मी टोकदार उचलली. तीस वर्षं मी तेच करत आलो होतो. टोकदार म्हणजे चांगली, बोथट म्हणजे झिजलेली. एकदाही थांबून विचार केला नाही की एकाच मशीनला दोन डब्या कशाला दिल्या असतील.

नळीच्या पोकळीत दोन बोटं फाकवून ती उचलली, रुळावर सरकवली. खटका सोडला. डबी खाली टेकवली.

काही ऐकू आलं नाही. मी कर्ण्यात जवळजवळ तोंड घातलं. बारीक खसखस, बस. नळीवरून शेवईसारखा तांबूस धागा उठत होता, वळत होता, खाली पडत होता. मला वाटलं, इतक्या वर्षांची घाण निघतेय. बरं वाटलं मला. फुंकर मारून तो धागा उडवला. "काहीच येत नाही," मी कर्ण्याजवळ पुटपुटलो. मग ओरडलो, "सुमन, तो मिक्सर बंद कर जरा." मिक्सर बंद झाला. तरी काही नाही. नळीचा तीनातला एक हिस्सा संपेपर्यंत मी तसाच वाकून बसलो होतो. मग कंटाळून डबी उचलली, दुसरी, बोथट दाण्याची लावून बघू म्हटलं, आणि सुरुवातीला आणून टेकवली.

कर्ण्यातून एक माणूस बोलला, "काहीच येत नाही."

तो मी होतो. पाठोपाठ माझाच आवाज, लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा: सुमन, तो मिक्सर बंद कर जरा.

तेव्हा कळलं. टोकदार डबी आवाज भरायची होती. ती ऐकवत नाही, कोरते. मी जिला घाण समजून फुंकर मारत होतो ते त्या बाईंचं बोलणं होतं. जिचा आवाज धोब्यालाही ठाऊक नव्हता, तिच्या आवाजावर मी माझा मिक्सर कोरून ठेवला होता. जमिनीवर तो तांबूस धागा पडला होता. मी तो वेचायला खाली वाकलो, हे मला स्पष्ट आठवतं. कशासाठी वेचत होतो, ते आठवत नाही.

इथपर्यंत ती चूक होती. मोठी, पण चूक. आता पुढचं सांगतो.

नळी फिरतच होती. माझं पुटपुटणं संपलं, खसखस संपली, जिथं मी डबी उचलली होती ती जागा आली, आणि तिच्या पुढं एक बाई बोलायला लागली. बारीक, तरुण आवाज. फार तर पंचविशीतली. "तीन तकिये के गिलाफ़," ती म्हणाली. "एक दस्तरख़ान." उशांचे अभ्रे, जेवायला बसताना अंथरायची चादर. मग ती थांबली, श्वास घेतला, आणि आवाज वळला, भोंग्यापासून दुसरीकडं कुणाकडं तरी: "ज़ुबी, दरवाज़ा लगा, हवा आ रई."

मी डबी उचलली.

नळीचे दोन हिस्से शाबूत होते. अजून कितीतरी कपडे मोजायचे असतील, कदाचित आणखी एखादी हाक असेल. मी पेटी घेऊन बुढीलेनला जाऊ शकत होतो. सांगू शकत होतो, आपा, मी शब्द मोडला, पहिला हिस्सा माझ्या हातून गेला, पण उरलेल्यात अम्मी आहेत, तुमचं नाव घेतायत. पण त्या नळी सुरुवातीपासून लावणार. दार बंद करून, दुपट्टा सावरून, आईचा आवाज ऐकायला बसणार, आणि आधी मी बोलणार.

हे मला नको होतं. बाकी काही नाही, फक्त एवढंच. मी तासभर विचार केला असं म्हणालो तर जरा बरं दिसेल. पण नाही. जेमतेम चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ. मग मी ग्रीस मऊ करायची ती शेगडी पेटवली आणि दोन बोटांवर नळी घेऊन तिच्यावर फिरवली. पापड भाजतो तशी, करपू न देता. रेषा चमकल्या, मग मऊ झाल्या, मग एकमेकींत मिसळल्या. नळी जुन्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. सुमन आतून म्हणाली, "अहो, कसला वास येतोय?" मी म्हणालो, "ग्रीस."

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आपांकडं गेलो. त्यांनी अंघोळ केली होती, नवा दुपट्टा घेतला होता, खोलीत उदबत्ती लावली होती. मी चावी कशी द्यायची, गोल दाण्याची डबी कशी टेकवायची ते दाखवलं, धारेची डबी मखमलीत परत ठेवली, आणि अटीप्रमाणं बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दार लागलं. आतून नुसती खसखस. ती थांबली. पुन्हा खसखस. तीनदा. तीनदा त्यांनी ती नळी लावली. गल्लीत पोरं पतंगासाठी भांडत होती आणि मी चपलेच्या टाचेनं पायरीवरची माती खरवडत होतो.

आपा दार उघडून आल्या. "यात काहीच नाही रे, बेटा."

मी नळी हातात घेतली, उन्हाकडं धरली, कारागिरानं बघावी तशी फिरवून बघितली. म्हणालो, "मेण उकाड्यानं मऊ होऊन रेषा मिटल्यात आपा. पत्र्याच्या खोलीत राहिली असणार."

पत्र्याची खोली मला कुठून माहीत? आपांनीच पहिल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं. अब्बांच्या पश्चात मशीन आणि नळी दौलताबादला, भावाच्या घरी होती. इक्बालभाईंची बायको नसरीनभाभी ती सांभाळायची. सीताफळांची बाग, दोन खोल्या पक्क्या, एक पत्र्याची. मी त्यातला पत्रा तेवढा उचलला.

आपांनी नळी परत हातात घेतली. चष्मा काढला, घातला. मग हळूच म्हणाल्या, "इतके उन्हाळे तिच्याकडं होती. एक चीज तिला सांभाळता आली नाही." त्या "तिच्याकडं"मध्ये जे होतं ते मी ऐकलं. तेव्हाही तोंड उघडायला वेळ होता.

नसरीनभाभी दर वर्षी बागेतल्या पहिल्या फळांची करंडी नणंदेला पाठवायच्या. त्या वर्षी करंडी आली तेव्हा आपांनी ती दारातूनच परत फिरवली. रिक्षावाल्यानं विचारलं, परत दौलताबादला नेऊ का? आपा म्हणाल्या, "नको, त्या मशीनवाल्याला दे. त्यानं फार जीव लावून काम केलं." तेव्हापासून दर वर्षी भाभी करंडी पाठवत राहिल्या, आपा ती घरात न घेता माझ्याकडं धाडत राहिल्या. माझी दोन्ही पोरं ती फळं खाऊन मोठी झाली. बिया गिळू नका, पोटात झाड येईल, असं सुमन त्यांना सांगायची आणि ती खिदळायची. मी ताटावरून उठून जायचो.

मधे एकदा, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, एक उंच, सावळी, साठीच्या पुढची बाई दुकानात आली. मी नसरीन, म्हणाली. बसा म्हटलं तर बसली नाही. "भाऊ, एकच विचारायचं होतं. ते उकाड्यानंच झालं ना? दुसरं काही नसंल ना?"

मी समोरच्या शिलाई मशीनच्या चाकात तेल घालत होतो. वर बघितलं नाही. "उकाड्यानंच, भाभी."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं मान हलवली, सुमनच्या हातचं पाणी प्यायली, आणि गेली. सुमन म्हणाली, "कोण होत्या? लई लांबून आल्यावानी दिसत होत्या." मी म्हणालो, गिऱ्हाईक.

माणूस असल्या गोष्टीसोबत कसा जगतो, असं कुणी विचारेल. अगदी नीट जगतो. घड्याळं दुरुस्त करतो, पोरांच्या फिया भरतो, गणपतीत मंडळाचा भोंगा मोफत चालू करून देतो. गल्लीत लोक म्हणतात, हा माणूस हाताचा सच्चा आहे. रोज काही त्रास होत नाही. त्रास फक्त या पंधरा-वीस दिवसांत होतो, आणि तोही वास आला की. मग थंडी पडते, वास जातो, आणि मी पुन्हा बरा होतो. आपण बरे होतो हीच यातली सगळ्यात घाण गोष्ट आहे, असं मला आताशा वाटतं.

यंदा करंडी आली नाही तेव्हा मी दोन दिवस वाट बघितली आणि मग बुढीलेनला गेलो. आपा आता फार थकल्यात. खाटेवर बसून असतात, चष्मा आणखी जाड झालाय. मला आवाजावरून ओळखलं.

"नसरीन गेली," त्या म्हणाल्या. "रमजानच्या आधी. तुला कुणी सांगितलं नसेल. आता फळं नाही येणार."

मी उभाच होतो. बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अट मोडली ते, टोकदार डबी, तांबूस धागा, मिक्सर, शेगडी. शेगडीपाशी आल्यावर माझी जीभ अडखळली, पण तेही सांगितलं. मग मी म्हणालो की थोडं मी ऐकलं होतं.

"काय ऐकलं?"

"तीन तकिये के गिलाफ़. एक दस्तरख़ान. मग म्हणाल्या, ज़ुबी, दरवाज़ा लगा, हवा आ रई."

आपांचं तोंड थोडं उघडं राहिलं. खाटेच्या काठावरचा त्यांचा हात दाराच्या दिशेनं उचलला गेला आणि परत खाली आला. त्या म्हणाल्या, "और?"

"एवढंच आपा. मी डबी उचलली."

"और कुछ?"

"नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला वाटलं, शिव्या देतील. शाळेतली बाई छडी मारेल. तसं काही झालं नाही. भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? जा, नसरीनला सांग."

मी त्याच पावली दौलताबादची एसटी पकडली. खिडकीतून रस्त्याच्या कडेला पाट्या दिसत होत्या, बाया गिऱ्हाइकांना फळं उघडून दाखवत होत्या. किल्ल्याच्या पायथ्याशी उतरून विचारत विचारत गेलो. इक्बालभाई अंगणात खुर्चीवर बसले होते, हातात काठी, पायात मोजे. कान चांगले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला अडखळलो नाही; दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं. मी मधे मधे थांबत होतो, म्हणजे त्यांना रागावता यावं. ते रागावले नाहीत.

"पत्र्याच्या खोलीत नव्हतीच ती," ते म्हणाले. "आमच्याकडं ज्वारीची कणगी होती, शेणानं सारवलेली. उन्हाळ्यात आत हात घातला तर गार लागायचं. नसरीन नळी तिच्यात ठेवायची, ज्वारीत पुरून. दर वर्षी होळी झाली की ठेवायची आणि मृग लागला की काढायची, कारण मग ओल. आपानं बोलणं टाकल्यावर ती कसमा खायची, मी ज्वारीत ठेवत होते म्हणून. मी म्हणायचो, खाऊ नको कसमा, झालं ते झालं."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग एकदा ती एकटीच शहरात जाऊन आली. त्यानंतर कसमा बंद. म्हणाली, एखाद्या वर्षी माझंच ध्यान राहिलं नसंल. मी म्हटलं, असंल."

घरातून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत.

"आमच्यात जाणारं माणूस कहा-सुना, म्हणजे कमी-जास्त बोललेलं-चाललेलं, माफ करून घेतं," ते म्हणाले. "तिनंपण मागितली माफी. बाकी काही नाही, नळीची. बोलता येत नव्हतं नीट, तरी तेवढं बोलली."

मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं.

"मी माफ केलं तिला."